साथ व शिधा

उल्हासनगरच्या पाचव्या कॅम्पात, अंबरनाथच्या अंगास, एका गल्लीच्या तोंडाशी दोन दुकाने शेजारी शेजारी आहेत. एक रास्त भावाच्या धान्याचे व दुसरे औषधांचे. पहिल्यापुढे धान्य आल्याची वार्ता फुटताच पिशव्या घेतलेल्या बायकांची रांग लागते. दुसऱ्याच्या काचेआड रोगप्रतिकारशक्ती वाढविण्याची हमी देणारी चूर्णे, अवलेह व रंगीत गोळ्यांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. इ. स. २०२० च्या करोनाच्या साथीनंतर या बाटल्यांची संख्या वाढली, आणि 'इम्युनिटी' हा शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी रुळला. विषाणूजन्य रोगाच्या साथीत माणसास जी शक्ती तारून नेते, ती या दोहोंपैकी कोणत्या दुकानात अधिक मिळते, असा प्रश्न ही दुकाने पाहून आमच्या मनात आला. आम्ही वैद्य नव्हे, इतिहासाचे अध्यापक आहो. परंतु हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच इतिहासाचाही आहे. आणि त्याचे उत्तर आपल्या प्रांताने एकदा फार मोठे मोल देऊन मिळविले होते. ते आपण विसरलो आहो, म्हणून हा लेखप्रपंच.

ते मोल इ. स. १९१८ साली दिले गेले. पहिले महायुद्ध संपत आले होते. त्या वर्षीच्या १० जून रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. गोदीतील लोकांपासून हा ताप गिरण्यांत, कचेऱ्यांत व चाळींत गेला. जून-जुलैची ही पहिली लाट सौम्य होती. लोक चार दिवस अंथरुणास खिळत व उठत. सप्टेंबरात दुसरी लाट आली, तिचे स्वरूप अगदी निराळे होते. ताप, खोकला, मग फुफ्फुसांचा दाह, आणि तीन-चार दिवसांत अखेर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मृत्यू पावल्याची नोंद आहे. कल्याणास लोहमार्गाचे दोन फाटे होतात, एक नाशिकाकडे व दुसरा अंबरनाथ-बदलापुरावरून पुण्याकडे. माणसे ज्या वेगाने गावोगाव गेली, त्याच वेगाने तापही गेला. महाराष्ट्रातील खेड्यांनी या रोगास 'मानमोडी' असे नाव दिले. ते इतके समर्पक होते की 'इन्फ्ल्यूएंझा' हा शब्द ठाऊक नसलेल्या वृद्ध माणसांच्या तोंडी ते पुढे कित्येक वर्षे टिकून राहिले. मुंबई इलाख्यात दहा लक्षांच्या आसपास माणसे गेली. सबंध हिंदुस्थानात किती गेली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तथापि सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढेपर्यंतचे अंदाज आहेत. जगात अन्य कोणत्याही देशाची इतकी हानी झाली नाही.

ही हानी येथेच एवढी का व्हावी? याचे एक उत्तर आकाशाकडे पाहिले असता मिळते. त्या वर्षी पाऊस जूनमध्ये आला आणि पुढे दगा देऊन गेला. देशभरच्या सरासरीहून तो सुमारे चतुर्थांशाने कमी पडला. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून इतकी कोरडी वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी आहेत. दख्खनातील खरीप जळाला. युद्धामुळे धान्याचे भाव आधीच चढलेले होते व आगगाडीचे डबे सैन्याच्या कामी गुंतलेले होते. अशा स्थितीत मानमोडीची दुसरी लाट नेमकी पिकाच्या काढणीच्या व रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर आली. घरातील कर्ती माणसे तापाने पडल्यामुळे जे थोडे पीक उभे होते तेही काढता येईना, व पुढची पेरणीही साधेना. येथे कार्यकारणाची साखळी दोन्ही दिशांनी फिरते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. उपासमारीने शरीर खचले म्हणून रोग बळावला, आणि रोग बळावला म्हणून पुढच्या वर्षीची उपासमार अधिक घोर झाली.

आता मृत्यू कोणाच्या वाट्यास आला ते पाहू. मुंबई नगरपालिकेच्या आरोग्यखात्याने त्या वर्षीचे इन्फ्ल्यूएंझाचे मृत्यू जातीजमातींप्रमाणे विभागून दाखविले होते. दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९.०, मुसलमानांत १९.२, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांस त्या काळच्या सरकारी भाषेत हलक्या जातीचे हिंदू म्हणत, त्यांच्यांत ६१.६ असे होते. शहर एक, हवा एक, विषाणूही एकच. परंतु मलबार हिलवरील युरोपियनाच्या मानाने परळ-भायखळ्याच्या वस्तीतील कष्टकऱ्यास मरणाचा धोका सातपट होता. या एका कोष्टकात मुंबई शहराची जेवढी समाजस्थिती सामावली आहे, तेवढी अनेक ग्रंथांतही सापडणार नाही.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहिले पाहिजे. हा सातपट फरक केवळ अन्नाचा, असे म्हणता येणार नाही. एका खोलीत दहा माणसे राहत. तापकऱ्यास पाणी देण्यास घरात कोणी उठता येण्याजोगे उरत नसे. डॉक्टर त्या गल्लीत फिरकत नसत. दाटी, शुश्रूषेचा अभाव व भूक ही तीन कारणे एकमेकांत अशी विणलेली आहेत की त्यांतील एक धागा वेगळा काढून मोजणे कठीण. वीस ते चाळीस वर्षे वयाच्या स्त्रिया पुरुषांहून अधिक संख्येने गेल्या, याचेही असेच. शुश्रूषेचा भार त्यांच्यावर, गर्भारपण त्यांच्या वाट्यास, आणि घरात सर्वांचे जेवण उरकल्यावर जे शिल्लक राहील ते खाण्याची चालही त्यांचीच. यांतील कोणत्या कारणाने किती जणींचा घात केला, हे आज कोणी सांगू शकणार नाही. परंतु तिन्ही कारणे एकाच दिशेने ओढीत होती एवढे निश्चित.

याविरुद्ध एक बळकट आक्षेप आहे, व तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. १९१८ ची साथ ऐन तारुण्यातील धडधाकट माणसांसही मोठ्या प्रमाणावर गाठी, असे जगभर दिसून आले. अमेरिकेतील छावण्यांत पोटभर मांस व लोणी खाणारे सैनिकही पटापट मेले. मग अन्नाचे महत्त्व ते काय राहिले? हा आक्षेप शंभर वर्षे चालत आला, आणि 'या रोगापुढे राव-रंक समान' हा समजही त्याच्याच आधारावर रूढ झाला. परंतु २०२३ साली दोन संशोधक स्त्रियांनी क्लीव्हलंड येथे जतन केलेल्या त्या काळच्या मानवी सांगाड्यांची तपासणी करून याचे उत्तर दिले. पूर्वीच्या आजाराच्या किंवा कुपोषणाच्या खुणा ज्यांच्या हाडांवर होत्या, अशी माणसे त्या साथीत दगावण्याचा संभव इतरांच्या मानाने अडीच पटींहून अधिक होता, असे त्यांस आढळले. तरुण मेले हे खरेच. पण तरुणांतही जे आधीच खचलेले होते, ते अधिक मेले. क्लीव्हलंडच्या हाडांनी जे सांगितले, ते मुंबईच्या कोष्टकाने शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. वाचणारे कोणी नव्हते, एवढेच.

तापकऱ्यास अन्न द्यावे की न द्यावे, हा वादही असाच जुना आहे. आयुर्वेदाने तापाच्या आरंभी लंघन सांगितले. परंतु त्याच वैद्यकाने लंघनानंतर पेज, मुगाचे कढण, लाह्यांचे पाणी अशा क्रमाने रुग्णास पुन्हा अन्नावर आणण्याची पद्धतही तितक्याच बारकाईने घालून दिली. लोकाचाराने यांतील पहिला अर्धा भाग उचलला व दुसरा सोडून दिला. गोवर आलेल्या मुलास तेल-तूप बंद, काविळीच्या रोग्यास उसाच्या रसाखेरीज सर्व वर्ज्य, अशा चाली अनेक घरांत अजूनही पाळल्या जातात. युरोपातही एके काळी ज्वरितास उपाशी ठेवून त्याचे रक्त काढीत. एकोणिसाव्या शतकात डब्लिन येथील रॉबर्ट ग्रेव्ह्ज या वैद्याने या प्रघाताविरुद्ध बंड करून तापाच्या रोग्यांस खाऊ घालण्यास आरंभ केला. आणि आपल्या थडग्यावर अन्य काही न लिहिता एवढीच गोष्ट लिहावी, अशी इच्छा त्याने व्यक्त केल्याचे सांगतात. २०१६ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. जंतूंपासून झालेल्या एका रोगात अन्न दिलेले उंदीर मेले व उपाशी ठेवलेले जगले; परंतु इन्फ्ल्यूएंझाच्या विषाणूची बाधा केली असता याच्या उलट, खाऊ घातलेले अधिक जगले. उंदरांवरील प्रयोग माणसांस जसाच्या तसा लावू नये, हे आम्ही जाणतो. तथापि लंघनाचा नियम सरसकट सर्व तापांस लावणे घातक ठरण्याचा संभव आहे, एवढा इशारा त्यातून घेण्यास हरकत नसावी.

या ठिकाणी पाचव्या कॅम्पातील एका प्रसिद्ध स्थानाचे स्मरण होते. झुलेलालाचे चालिया मंदिर याच कॅम्पात आहे, आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास सिंधी भाविक तेथे चाळीस दिवसांचे व्रत पाळतात. संयमाचे ते दिवस संपले की घरोघर ताट वाढलेले असते. स्वेच्छेने केलेला उपवास व सक्तीने घडलेली उपासमार यांत हाच भेद आहे: पहिल्याच्या शेवटी पारणे असते, दुसरीच्या शेवटी नसते. मानमोडीच्या वर्षी खेड्यांतील माणसांचे जे 'लंघन' घडले, त्यास पारणे नव्हते.

अन्न आणि रोग यांचा संबंध प्रयोगाने सिद्ध करण्याचे कामही, योगायोग असा की, त्याच १९१८ साली आपल्या देशात सुरू झाले. रॉबर्ट मॅक्कॅरिसन या लष्करी डॉक्टराने निलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाची चौकशी आरंभिली. तीच संस्था वाढत वाढत पुढे हैदराबादेत गेली व आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅक्कॅरिसनने हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचे नित्याचे जेवण उंदरांच्या निरनिराळ्या गटांस घातले. शीखांचे जेवण, म्हणजे गव्हाची पोळी, दूध, डाळ व भाजी, ज्यांस मिळाले त्यांचे सरासरी वजन २३५ ग्रॅम भरले; मराठ्यांच्या जेवणावर वाढलेल्यांचे २२५; आणि कांडलेल्या तांदळाच्या मद्रासी जेवणावर वाढलेल्यांचे १५५. नुसते वजनच नव्हे, तर निकृष्ट अन्नावरील उंदरांत फुफ्फुसांचे व आतड्यांचे विकारही अधिक आढळले. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ व पालेभाजी हे आमच्या शेतकऱ्याचे जेवण शीखांच्या जेवणाच्या जवळपास येऊन बसले, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण १९१८ साली तीच भाकरी ताटातून नाहीशी झाली होती, हे विसरून चालणार नाही.

विषाणूरोगाविषयीचा पहिला स्पष्ट पुरावा मात्र गोवराने दिला. १९३२ साली लंडन येथील ग्रोव्ह रुग्णालयात एलिसन नावाच्या डॉक्टराने गोवराने आजारी असलेल्या ६०० मुलांपैकी ३०० मुलांस 'अ' जीवनसत्त्वाचे औषध दिले. ज्यांस ते मिळाले नाही, त्यांतील २६ मुले दगावली. ज्यांस मिळाले, त्यांतील ११. एवढा स्वच्छ निकाल हाती असूनही जगाने तो बाजूस ठेवला. थोड्याच वर्षांत सल्फा व पेनिसिलिन आले, श्रीमंत देशांतील गोवराचे मृत्यू घटले, आणि ज्या देशांत मुले मरतच होती त्या देशांचा आवाज वैद्यकाच्या पत्रांत उमटत नव्हता. १९६८ साली स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात पोषण व संसर्ग हे एकमेकांचे बळ वाढवितात, असा सिद्धांत मांडला. १९८६ साली इंडोनेशियातील आचे प्रांतात सॉमर याने ४५० खेड्यांत 'अ' जीवनसत्त्व वाटून पाहिले, तेव्हा ते मिळालेल्या खेड्यांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले. १९९० साली केप टाउन येथे गोवराच्या १८९ मुलांवरील प्रयोगात औषधाऐवजी निरुपद्रवी द्रव्य दिलेल्या गटात १० मुले मेली, तर जीवनसत्त्व दिलेल्या गटात दोनच. एलिसनचे म्हणणे खरे ठरण्यास अशा रीतीने अर्धशतकाहून अधिक काळ लागला. या विलंबात किती मुले गेली, याचा हिशेब कोठेही मांडलेला नाही.

परंतु सर्वच निकाल एका बाजूचे आहेत असे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याच देशात तमिळनाडूतील प्रयोगात 'अ' जीवनसत्त्वाने बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या प्रयोगात काहीच फरक दिसला नाही. पुढे उत्तर प्रदेशात दहा लक्ष मुलांवर झालेला अतिविशाल प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील लाभ अवघा चार टक्क्यांचा, व तोही संशयास्पद. या परस्परविरोधाचा अर्थ आम्ही असा लावतो की, जीवनसत्त्व हे रिकाम्या भांड्यास भरणारे पाणी आहे. भांडे जेथे कोरडे होते तेथे ते उपयोगी पडले. भरलेल्या भांड्यात ओतले तर वाहून गेले. शिवाय तमिळनाडूत ते दर आठवड्यास थोडे थोडे, जसे अन्नातून मिळावे तसे दिले गेले होते. निसर्गाने जे रोजच्या ताटातून देण्याची योजना केली आहे, ते सहा महिन्यांतून एकदा चमच्याने देऊन भागेलच, असे नाही.

शरीरात हे घडते कसे, याविषयी आज बरेच ज्ञान झाले आहे. रोगाशी लढणारी प्रतिपिंडे ही प्रथिनांचीच घडलेली असतात. प्रथिने नसतील तर शस्त्रे कशाची घडवावी? उरोस्थीच्या मागे थायमस नावाची एक ग्रंथी आहे, तेथे लढाऊ पेशींचे शिक्षण होते. उपासमारीने ग्रासलेल्या मुलांत ही ग्रंथी आक्रसून जाते. नाक, घसा, आतडे यांचे अस्तर धड राखण्यास 'अ' जीवनसत्त्व लागते, आणि गोवर हा रोग नेमका त्याचाच साठा संपवितो. ताप एक अंश सेल्सिअस चढला की शरीराचा खर्च सुमारे दशांशाने वाढतो, आणि त्याच वेळी रुग्णाची अन्नावरील वासना उडते. म्हणजे खर्च वाढला असता मिळकत बंद होते; अशा वेळी पूर्वीची पुंजी असेल तोच घरधनी तरतो.

याहूनही विचारात पाडणारी एक गोष्ट गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात उजेडात आली. चीनमध्ये केशान नावाचा हृदयरोग जमिनीत सेलेनियम हे द्रव्य कमी असलेल्या भागांतच आढळे. मेलिंडा बेक व तिच्या सहकाऱ्यांनी सेलेनियमविरहित अन्नावर वाढविलेल्या उंदरांस कॉक्साकी विषाणूची निरुपद्रवी जात टोचली. त्या दुबळ्या शरीरांत वाढताना तो विषाणूच बदलला व मारक झाला. आणि असा बदललेला विषाणू उत्तम अन्नावर वाढलेल्या उंदरांस दिला असता तेही आजारी पडले. याचा अर्थ काय? भुकेल्याची भूक ही त्याच्या एकट्याची नव्हे. त्याच्या खचलेल्या देहात जो विषाणू बळावेल, तो शेजारच्या बंगल्यातील दाराशीही येऊ शकेल. पोषण ही दया नसून आत्मरक्षण आहे, असे म्हणण्यास याहून सबळ प्रमाण ते कोणते हवे?

आता पुन्हा पाचव्या कॅम्पाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी जी छावणी उभारली गेली, तिच्या दोन हजारांहून अधिक बराकींत १९४७ नंतर सिंधमधून आलेले निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली व त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत अनेक कुटुंबे राहत. दाटी मुंबईच्या चाळींहून कमी नव्हती, आणि देवी, गोवर, कावीळ यांस फावेल अशीच ती जागा होती. परंतु १९१८ व १९४७ यांत एक मोठा भेद होता. मध्यंतरी, १९४३ साली, मुंबईत धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले होते. माणशी धान्य मोजून देणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे, ही कल्पना रुजली होती. छावणीत आलेल्यांस प्रारंभी सरकारी शिधा मिळाला, आणि तो टप्प्याटप्प्याने बंद होईतो बहुतेकांनी पापड लाटून, कापड विकून, लहानसहान यंत्रे फिरवून आपल्या पायांवर उभे राहण्याची धडपड चालविली. सिंधी स्त्रियांनी आपल्याबरोबर साई भाजी आणली. पालक, चुका व हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून केलेल्या या पदार्थात प्रथिने व 'अ' जीवनसत्त्वाचा मूळ रंग ही दोन्ही एका पातेल्यात येतात. त्यांस हे शास्त्र ठाऊक नव्हते; पण बराकीतील चुलीवर ते रोज शिजत होते.

त्याच बराकींच्या जागी पुढे घरे व कारखाने झाले, आणि जीन्सचे कपडे शिवण्यासाठी उत्तरेकडून आलेले कारागीर त्यांत राहू लागले. २५ मार्च १९४७ नव्हे, २५ मार्च २०२० रोजी जेव्हा देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा निर्वासितांच्या या नगरातून नवे निर्वासित बाहेर पडले. त्यांची शिधापत्रिका गावी होती व पोट येथे होते. एका राज्याची पत्रिका दुसऱ्या राज्यात चालावी, ही सोय तेव्हा सर्व राज्यांत पोहोचली नव्हती. ती जून २०२२ मध्ये पूर्ण झाली. सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. एप्रिल २०२० पासून पत्रिकाधारकांस माणशी पाच किलो धान्य मोफत मिळू लागले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांवर आणली गेली. १९१८ च्या मानाने हे कितीतरी पुढचे पाऊल होते, आणि त्याचे श्रेय द्यावयास हवे. उणीव राहिली ती ज्याचे नाव त्या गावच्या यादीत नाही अशा माणसाची.

याच काळात औषधांच्या दुकानापुढील रांग वाढली. काढे, जस्ताच्या व 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या, 'ड' जीवनसत्त्वाच्या पुड्या यांस ऊत आला. या द्रव्यांची रीतसर परीक्षा झाली तेव्हा निकाल निराशाजनक निघाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात जस्त व 'क' जीवनसत्त्व यांच्या मोठ्या मात्रांनी करोनाचा आजार लवकर हटला नाही. पुढच्या वर्षी इंग्लंडातील 'ड' जीवनसत्त्वाच्या प्रयोगातही संरक्षण दिसून आले नाही. रिकाम्या व भरल्या भांड्याचा नियम येथेही लागू पडला. ज्यांस या गोळ्या परवडत होत्या, त्यांपैकी बहुतेकांची भांडी भरलेलीच होती. उलट, त्यांच्या ताटातील दोष निराळा होता. मधुमेह व स्थूलता यांनी ग्रासलेल्या माणसांस करोनाने अधिक गाठले, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनियंत्रित साखर व स्टेरॉइडे यांच्या संगतीने आलेल्या काळ्या बुरशीने महाराष्ट्रातील कित्येकांचे डोळे व जबडे नेले. कुपोषण म्हणजे केवळ कमी खाणे नव्हे, विपरीत खाणेही होय, हा धडा त्या साथीने दिला.

आणि करोना ओसरतो न ओसरतो तोच २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबईतील गोवंडीत गोवर उसळला. भिवंडी व मालेगाव येथेही तो पसरला. टाळेबंदीच्या काळात लसी चुकलेल्या होत्या व मुले अशक्त होती. लसीच्या जादा मात्रेबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचे डोसही वस्तीवस्तीतून पाजण्यात आले. एलिसनचा शोध नव्वद वर्षांनी गोवंडीच्या गल्लीत पोहोचला. येथे एक गोष्ट निक्षून सांगणे अवश्य आहे: अन्न हे लसीच्या जागी उभे राहू शकत नाही. पोटभर जेवणाऱ्या मुलासही गोवर होतो. लस टोचलेल्यास तो बहुधा होत नाही. अन्नाचे काम दुसरे आहे. रोग आलाच तर त्यातून माणूस उठेल की नाही, हे पुष्कळ अंशी ते ठरविते.

१८९७ साली मुंबईच्या प्लेगसाठी साथरोगांचा जो कायदा झाला, तोच काही फेरफारांनिशी करोनाच्या वेळी वापरला गेला. प्रवाशांची तपासणी, रुग्णांस अलग ठेवणे, आज्ञाभंगास शिक्षा, हे सर्व त्यात आहे; अन्नाविषयी एक अक्षरही नाही. दुसऱ्या बाजूस २०१३ चा अन्नसुरक्षेचा कायदा आहे, त्यात साथीच्या रोगाची योजना नाही. हे दोन कायदे आपापल्या कचेऱ्यांत एकमेकांची ओळख नसल्याप्रमाणे बसले आहेत. जेव्हा साथ जाहीर होईल, तेव्हा त्याच आज्ञापत्राने त्या भागात असेल त्या प्रत्येक माणसास, पत्रिका असो वा नसो, धान्य, डाळ व तेल मिळेल, असे एक कलम जोडणे अशक्य आहे काय? आमच्या मते ते करणे इतिहासाने आपल्यावर टाकलेले ऋण आहे. १९१८ च्या कोष्टकातील ६१.६ हा आकडा ते ऋण अजून फिटले नाही, असे सांगत उभा आहे.

पाचव्या कॅम्पातील त्या दोन दुकानांपैकी औषधांचे दुकान नको असे आम्ही म्हणत नाही. लस, प्राणवायू व औषध यांवाचून साथीतून निभाव लागणार नाही. परंतु ज्या वस्तूस 'इम्युनिटी' म्हणून बाटलीत भरून विकतात, तिचा मोठा भाग शेजारच्या दुकानातील पिशवीत, पायलीने मोजून, फार दिवसांपासून दिला जात आहे. त्या दुकानाचे दार साथीच्या दिवशी कोणासही बंद राहू नये, एवढीच मानमोडीत गेलेल्यांची मागणी असावी.